धोंडाबाई कोम बिरू, हजर

१

शनिवारची शाळा सकाळची. साडेअकराची घंटा झाली की राजेश्वरी बारामतीच्या स्टँडवर यायची, भवानीनगरवरून इंदापूरला जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा धरायची आणि डबा मांडीवरच उघडायची. भवानीनगरच्या अलीकडं-पलीकडं उसाच्या गाड्या रस्त्याला लागलेल्या असल्या की एसटी बैलांच्या चालीनं चालायची. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी कचेरीला सुट्टी. उरलेल्या शनिवारी दीडच्या सुमाराला ती इंदापूरच्या कचेरीच्या मागच्या आवारात, रेकॉर्डच्या खोलीपुढं उभी असायची. १९९६चा जानेवारी लागल्यापासून हा नेम चालला होता.

काम दादानं लावून दिलेलं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ मानसिंग कोकरे, वरकुट्याचा बागायतदार. त्यानं गावात एसटीच्या थांब्याजवळ चौथरा बांधायला काढला होता आणि त्यावर संगमरवराची पाटी बसवायची होती: 'मूळपुरुष गेणबा बिरू कोकरे'. कोकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. पावसाळा सरला की कळप घेऊन निघायचं, ही रीत. त्यांच्यातला गेणबा पहिल्यांदा थांबला, त्यानं वरकुट्याचा उघडा माळ कुदळीनं फोडला आणि पहिलं शेत पाडलं, असं घरात सगळे सांगत. गेणबा म्हणजे राजेश्वरीचा पणजोबा.

"तू मास्तरीण हायस," दादा म्हणाला होता. "कागद वाचायची सवय हाय. गेणबानं रान कवा मोडलं त्याचं साल काढ. तोंडी सांगितलं की लोक हसत्यात."

आणि लगेच, पाणी मागावं तशा आवाजात, "आन् मार्चात एक दिस इंदापूरला सहीला यायचंय. आबांच्या मागं सातबाऱ्यावर तुझं नाव लागलंय. एका गटावर चंद्राआत्याचंबी ऱ्हायलंय. हक्कसोड करून टाकू."

आबा, तिचे वडील, गेल्या दिवाळीच्या आधी गेले होते. राजेश्वरी म्हणाली, "करू की." शाळेतल्या सगळ्या बायकांनी आपापल्या माहेरी केलं होतं. त्यात विचारण्यासारखं काही असतं हे तिच्या मनातही आलं नाही.

२

रेकॉर्डची खोली जुनी, दगडी, वर पत्रा. दुपारी पत्रा तापून टकटक वाजायचा. भिंतीभर मांडण्या आणि त्यांवर लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, म्हणजे रुमाल. एकेका गावाचे दहा-दहा, बारा-बारा. कसर लागलेल्या कागदाचा तो गोडसर, कोंदट वास तिला पहिल्या दिवशी नकोसा झाला होता; पुढं पुढं आवडायला लागला.

खोली सांभाळायला जोतीराम होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, डोळ्याला जाड भिंगं. बापाकडून मोडी शिकलेले, त्यामुळं जुना कागद तेच वाचून दाखवायचे. राजेश्वरी त्यांना तात्या म्हणायची. बसायला एक लांब बाक होतं. त्याचे पाय टोकांपासून बरेच आत बसवलेले, त्यामुळं एकट्यानं टोकाला बसलं की दुसरं टोक वर उचलायचं. पहिल्याच दिवशी ती पडता पडता वाचली. तेव्हापासून मधोमध बसायची.

जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी वरकुट्याचा सगळ्यात जुना रुमाल सुटला. १८७१चा कागद. जोतीरामतात्यांनी बोट फिरवत तीनदा वाचलं आणि चष्मा कपाळावर सारला.

"बाई, तुमच्या माळावर पयलं नाव गेणबाचं न्हाय."

"मग कुणाचं?"

"धोंडाबाई कोम बिरू. कोम म्हंजी अमक्याची बायकू. बिरूची बायकू धोंडाबाई. गेणबाची आई झाली की वो ती." त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट टेकवलं आणि अडखळत वाचलं, "पडीक माळ. बाईने स्वहस्ते मोडून वहीत केला. सोबत मनुष्य नाही."

वहीत म्हणजे लागवडीखाली. राजेश्वरीनं ते पुन्हा वाचायला लावलं. सोबत मनुष्य नाही. म्हणजे नवरा नव्हता. नऊ-दहा वर्षांचा गेणबाही नव्हता, तो कळपाबरोबर गेला असणार. सगळे पुढं गेले आणि ही बाई एकटी त्या मुरमाच्या माळावर राहिली. कुदळ घेऊन. तिचं नाव घरात आजवर कुणी घेतलेलं राजेश्वरीनं ऐकलं नव्हतं.

त्याच रुमालात दहा वर्षांनंतरचा दुसरा कागद होता. राजीनामा. मी धोंडाबाई राजीखुशीने सदर जमीन मुलगा गेणबा यास देऊन नाव सोडते. लिहिता न येणाऱ्या बाईनं सहीच्या जागी बांगडी काढायची, पुरुषानं नांगर काढायचा, अशी तेव्हाची पद्धत. खाली कारकुनानं लिहिलं होतं, 'निशाणी बांगडी'. आणि शेजारी बोरूनं काढलेला गोल होता. पण तो पुरा झालेला नव्हता. उजवीकडं बोटभर जागा मोकळी सुटली होती.

"शाई सपली आसंल," जोतीरामतात्या म्हणाले.

गोलाचं मोकळं टोक बारीक होत गेलेलं नव्हतं. तिथं चांगला ठसठशीत ठिपका होता. बोरू टेकवून कुणी थांबावं आणि मग उचलून घ्यावा, तसा. वर्गात एखादी पोर गणित अर्धं टाकून, ओठ मिटून बसते, तिची वही राजेश्वरीला आठवली. तिनं दोन्ही कागदांच्या झेरॉक्स काढून घेतल्या. परतीच्या गाडीत तिला कारण नसताना हसू येत होतं.

३

पुढच्या खेपेला १९१३चा कागद निघाला. गेणबाची विधवा सून प्रयागबाई. तिनं पोटगी आणि जमिनीवरचा हक्क सोडल्याचा जबाब. मजकुरात स्पष्ट होतं, 'बाई एक इसम समक्ष हजर'. पण खाली बांगड्या दोन. एक प्रयागबाईची, पुरी. तिच्याखाली दुसरी, उजवीकडून उघडी, आणि पुढं मोडीत: धोंडाबाई कोम बिरू, हजर.

"म्हातारी तवा जिवंत आसंल," तात्या म्हणाले.

राजेश्वरीनं मनात हिशेब केला. अठ्ठ्याहत्तर-ऐंशी वय. होऊ शकतं. सुनेबरोबर सासूची सासू आली असेल, कारकुनानं लिहून टाकलं असेल.

मग फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी १९५८चा जबाब सापडला. हा बाळबोध अक्षरातला, निळ्या शाईचा, राजेश्वरीला सरळ वाचता येणारा. देणार चंद्राबाई, म्हणजे तिची आत्या, आबांची बहीण. तिच्या डाव्या अंगठ्याचा ठसा. साक्षीदार दोन. आणि सगळ्यांच्या खाली, निळ्या शाईत नव्हे, काळ्या बोरूनं काढलेला उघडा गोल.

धोंडाबाई कोम बिरू, हजर.

पत्रा टकटकत होता. जोतीरामतात्या दारात कुणाशी तरी बोलत होते. राजेश्वरी कागद खिडकीच्या उजेडाकडं धरण्यासाठी बाकावर सरकत सरकत टोकाला गेली होती, ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. ती कागदात गुंतली होती. लिहिणाऱ्यानं जुना नमुना समोर ठेवून नक्कल मारली असणार. नाहीतर घराण्यात दुसरी धोंडाबाई असेल. पण अठ्ठावन सालात 'कोम' कोण लिहितं? आणि खेड्यातला तलाठी बोरू कशाला बाळगेल? तिनं ठिपक्यावर नख फिरवून बघितलं. नखाला काही लागलं नाही.

मग तिच्या लक्षात आलं की ती टोकाला बसली आहे. आणि बाक सपाट आहे.

तिनं मान वळवली नाही. आपला श्वास मोजत ती तशीच बसली. शेजारी आवाज नव्हता, कापडाची सळसळ नव्हती. फक्त बाकाची फळी, शेजारी माणूस असताना असते तशी, वजनाखाली दबलेली होती.

राजेश्वरी उठून उभी राहिली, आणि तिच्यामागं बाकाचं दुसरं टोक खाडकन खाली बसलं.

तिनं वळून बघितलं. बाक तिकडच्या बाजूला कललं होतं. घटकाभर तसंच राहिलं, मग हळूच सरळ झालं.

जोतीरामतात्या आत आले. त्यांनी आधी बाकाकडं बघितलं, मग तिच्या हातातल्या कागदाकडं, आणि काही न विचारता रुमाल बांधायला घेतला. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, "बाई, गेणबाचं साल तुमाला मिळालं नव्हं? मग झालं की."

"गेणबाचं साल नाहीच तात्या. रान तिनं मोडलंय."

"व्हय," तात्या म्हणाले. "म्हणून तर म्हनतो, आता ऱ्हाऊ द्या."

त्यांनी रुमाल उचलून मांडणीवर ठेवला.

४

बाकाचे पाय जुने. फरशी उंचसखल. राजेश्वरीनं बारामतीला पोचेपर्यंत हे स्वतःला चारदा समजावलं आणि चौथ्यांदा ते पटलंही. ती वर्गात पोरांना विज्ञान शिकवायची. भुताखेताची गोष्ट सांगणाऱ्या पोराला ती उभं करायची.

तिचा नवरा दीपक पाटबंधारे खात्यात होता. त्याला तिनं कागदांचं सांगितलं, बाकाचं सांगितलं नाही. तो म्हणाला, "सही तुझी, माहेर तुझं. मी मधे पडणार नाही."

आठवड्यानं दादा आला, संध्याकाळी, चहाच्या वेळेला. बरोबर टाइप केलेला हक्कसोडीचा मसुदा होता. लखोट्यातून काढून त्यानं टेबलावर ठेवला. राजेश्वरीनं चष्मा लावला. शेवटच्या पानावर, सह्यांच्या जागेखाली, तपकिरी रंगाचा एक अर्धवट गोल उमटला होता.

"दादा, ह्याच्यावर चहाचा गिलास ठेवलावतास का?"

"न्हाय गं. आत्ता तर लखोट्यातनं काढला."

गोल उजवीकडून उघडा होता. त्याच्या वर तीन नावं टाइप केलेली. एक, राजेश्वरी. दोन, चंद्राबाई. तीन, धोंडाबाई कोम बिरू, हजर.

दादानं नाव वाचलं आणि खिशातलं पेन काढून त्यावर आडवी रेघ मारली. "टायपिस्टला जुनं कागद दिलं हुतं नमुन्याला. गाढवानं समदंच उतरवलं."

राजेश्वरीनं ओल्या बोटानं तो गोल पुसायला बघितलं. तो पुसला गेला नाही. बोटाला मात्र काहीतरी लागलं. तिनं चोळून पाहिलं. लालसर, खरखरीत. मुरमाची भुकटी.

तिनं बोट पदराला पुसलं.

"दादा, मूळपुरुष गेणबा नाही. रान धोंडाबाईनं मोडलंय. एकटीनं. कागद आहे माझ्याकडं. गेणबा दहा वर्षांनी आला आणि नाव लावून घेतलं."

दादानं चहा बशीत ओतला. "पाटी कोरून झाली, राजे."

"दुसरी कोरू."

"बाईचं नाव लावायचं? लोकं काय म्हनत्याल, कोकऱ्यांचा बाप कुठं व्हता?" त्यानं बशी खाली ठेवली. "ती झेरॉक्स कुणाला दावू नगंस. आन् आठ्ठावीसला गुरुवार हाय, रजा टाक. सही झाली की मी मोकळा, तू मोकळी."

"आणि नाही केली तर?"

हे आपण का विचारलं, तिला कळलं नाही. दादानं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, नवल होतं.

"न्हाय केली तर मग कसलं म्हायेर," तो म्हणाला. "दिवाळीला, पंचमीला मग कुणाच्या दारात उभी ऱ्हाशील?"

५

चंद्राआत्या भवानीनगरला असायची, कारखान्याच्या चाळीत, मुलाकडं. सहासष्ट वय, कान शाबूत, जीभ त्याहून. राजेश्वरी रविवारी दुपारी गेली तेव्हा ती ओसरीवर लसूण सोलत बसली होती. डावा खांदा भिंतीला इतका घट्ट चिकटवलेला की पातळाला चुन्याचे पांढरे पट्टे पडले होते. लहानपणापासून राजेश्वरीनं आत्याला कायम अशीच भिंतीला लागून बसलेली बघितलं होतं.

"आत्या, अठ्ठावनला अंगठा दिलास तेव्हा तुझ्याबरोबर कोण बाई होती?"

आत्याचा हात थांबला. मग तिनं पाकळी पुरी सोलली, सुपात टाकली.

"तुला कागदात घावली व्हय."

"नाव घावलं."

"आमाला कचेरीच्या ओट्यावर बसवलं हुतं," आत्या म्हणाली. "चार गावच्या बायका. माझ्या ह्या अंगाला एक बाई. म्या म्हनलं, आसंल कुणाची तरी. माझं नाव पुकारलं. म्या उठाय लागले तर तिनं माझा हात धरला. अंगठा लावायचा हात. म्या तोंडाकडं बगितलं न्हाय, बाई. हात बगितला. नखं न्हवती. एकबी न्हवतं. माती उकरून उकरून जात्यात तशी गेल्याली. मनगटात कथलाची बांगडी, मोडल्याली."

"मग?"

"मग काय. हात सोडवून घेतला आन् अंगठा लावला. भाऊ समोर हुबा. भावापरीस ती का जवळची हुती?" तिनं भिंतीकडचा खांदा आणखी दाबून घेतला. "तवाधरनं ह्या कुशीला बसती. बोलत न्हाय. कवा रागावली न्हाय, कवा वाईट केलं न्हाय. नुसती बसती. भितीला लागून बसलं म्हंजी जागा उरत न्हाय, आसं वाटायचं मला. पर तिला लई जागा लागत न्हाय."

ओसरीवर ऊन होतं. कारखान्याचा धूर सरळ वर चालला होता. राजेश्वरीनं आत्या आणि भिंत यांच्यामधल्या फटीकडं बघायचं नाही असं ठरवलं, आणि मग आपण ठरवतोय याचाच तिला संताप आला.

"म्हणजे मी सही केली की ती माझ्याही शेजारी बसणार. म्हणून करू नको म्हणतेस?"

"म्या कुठं काय म्हनलं?"

"तिकडं दादा माहेर तोडायची भीती घालतो. इकडं ही हात धरायची भीती घालते." राजेश्वरीचा आवाज चढला होता. समोरच्या दारातल्या बाईनं वर बघितलं. "मी कुणाला भिऊन सही करणार नाही, आणि कुणाला भिऊन सही टाळणारपण नाही. जे करीन ते माझं मी ठरवीन. ऐकतेस ना?"

ती हे आत्याला म्हणत होती. पण आत्यानं मान डोलावली नाही. तिनं कान देऊन, भिंतीच्या बाजूला, कुणी काही उत्तर देतंय का ते ऐकल्यासारखं केलं.

६

गुरुवारी नोंदणीच्या कचेरीत मार्चअखेरची गर्दी. ओट्यावर बायकांची रांग बसलेली, भिंतीला पाठ लावून. कुणी कडेवर पोर घेतलेलं, कुणी नवी साडी नेसून आलेली. भाऊ मंडळी समोरच्या लिंबाखाली. आतून नाव पुकारलं जायचं, एकेक बाई उठायची, दारातल्या टेबलापाशी जायची. कारकून मान वर न करता विचारायचा, "राजीखुशीनं देताय ना? कुणाचा दबाव न्हाय?" बाई मान हलवायची, अंगठा शाईत बुडवायची, आणि परत येताना तो पदराला पुसत यायची.

राजेश्वरीनं सकाळपासून हे सतरा वेळा बघितलं. सतरापैकी एकीनंही तोंडानं उत्तर दिलं नव्हतं.

रात्रभर तिनं स्वतःला दोन्ही बाजूंनी विचारून बघितलं होतं. जमीन तिला कसायची होती का? ठाऊक नाही. दादाशी वैर हवं होतं का? नको होतं. पण त्या कागदावर लिहिलं होतं, राजीखुशीनं. आणि आपण राजी आहोत का, खूश आहोत का, एवढ्याचंच उत्तर तिला चांगलं ठाऊक होतं.

तिच्या डाव्या हाताला आत्या. आत्याच्या पलीकडं ओट्याची आडवी भिंत. मधे जेमतेम वीतभर जागा.

"मानसिंग कोकरे यांचा दस्त," कारकून म्हणाला. दादा टेबलाशी गेला. "लिहून देणार कोण कोण? राजेश्वरी. चंद्राबाई. आन् ही धोंडाबाई. धोंडाबाई कोम बिरू कोण हाय? हजर हाय का?"

"ते नाव खोडलंय, सायेब," दादा म्हणाला. "म्या स्वता खोडलंय. नवा टाइप करून आनलाय."

"हितं तर हाय."

दादानं वाकून बघितलं. त्याचा कान लाल झालेला राजेश्वरीला तिथूनही दिसला.

त्याच वेळी तिच्या डाव्या बाजूला, खाली, काहीतरी हललं.

आत्यानं डोळे मिटून घेतले होते. आत्या आणि भिंत यांच्यामधल्या त्या वीतभर जागेतून एक हात पुढं आला आणि उठायला आधार घ्यावा तसा फरशीवर टेकला. म्हातारीचा हात नव्हता. चांगला रुंद, शिरांचा, कोपरापर्यंत मुरमानं माखलेला. बोटांच्या टोकांना नखं नव्हती. तिथं नुसती सुकलेली, काळपट कातडी होती. मनगटात कथलाची बांगडी आणि ती उजवीकडून उघडी. हातावर भार पडला. फरशीवर मुरमाचा चुरा कुरकुरला. कुणीतरी उठत होतं.

 मान वळवून लिंबाकडं बघावं, असं राजेश्वरीला फार वाटलं. पण आत्यानं अडतीस वर्षांपूर्वी तेच केलं होतं. ती बघत राहिली. पंजा, मनगट, कोपर. कोपराच्या वर बघायला लागली तेव्हा तिथं आत्याच्या पदराची सावली होती आणि त्या सावलीत जे होतं ते तिच्या नजरेत नीट मावेना.

"बसा आजी," ती म्हणाली. तिचा स्वर वर्गातल्यासारखाच निघाला. "तुमचं तुम्ही सांगून झालंय. माझं मी सांगते."

हात तसाच राहिला. उठला नाही, मागं गेला नाही.

राजेश्वरी उठली, टेबलापाशी गेली. कारकुनानं शाईचा पॅड पुढं सरकवला, मग दस्तात तिचा धंदा 'शिक्षिका' वाचून पेन सरकवलं. "राजीखुशीनं देताय ना? कुणाचा दबाव न्हाय?"

"दबाव आहे," राजेश्वरी म्हणाली. "खुशी नाही. मी सही करणार नाही."

कारकुनानं त्या दिवसात पहिल्यांदा मान वर केली. दादानं हलक्या आवाजात तिला हाक मारली. लहानपणी शेतातल्या विहिरीत तिला पोहायला शिकवताना म्हणायचा त्याच नावानं. तिचे डोळे भरून आले, पण तिनं पेन हातात घेतलं नाही.

मागून आत्याचा आवाज आला. "माझाबी अंगठा न्हाय."

सगळी रांग वळून बघायला लागली. आत्या भिंतीचा आधार न घेता उभी राहिली होती. दोन हात मोकळे सोडून.

७

दादानं फटफटीला किक मारली आणि मागं न बघता निघून गेला. दोघी स्टँडवर आल्या. भवानीनगरची गाडी अर्धी रिकामी होती. आत्या खिडकीशी बसली नाही. तिनं मधली जागा घेतली आणि पाय पसरले.

निमगाव मागं पडेपर्यंत राजेश्वरीनं धीर धरला.

"आत्या, आत्ता आहे का शेजारी?"

आत्यानं डावीकडची मोकळी जागा हातानं चाचपली. सावकाश, दोनदा.

"न्हाय," ती म्हणाली. "कचेरीतनंच उठून गेली."

"कुठं गेली?"

आत्या बाहेरच्या उसाकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर राजेश्वरीनं कधी न बघितलेला एक भाव होता. सुटल्याचा, आणि थोडा लाजल्याचा.

"मानसिंगाच्या फटफटीवर," ती म्हणाली. "मागं बसली हुती. एका अंगाला, बायका बसत्यात तशी."

८

एप्रिल गेला. दादाचा निरोप नाही, फोन नाही. चौथऱ्यावर पाटी बसली नाही, एवढं गावाकडून कळलं. दादा जेवायला भिंतीला लागून बसतो, असं वहिनीनं कुणाला तरी सांगितलं, ते फिरत फिरत बारामतीला आलं. ते ऐकून राजेश्वरीला बरं वाटलं नाही. तो तिचा भाऊ होता.

मेच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, तो दारात उभा राहिला. गालफडं बसलेली. काखेत कागदांचा लखोटा. दीपक कामावर गेला होता.

"वाटणीचा अर्ज आनलाय," दादा म्हणाला. "तुझा, माझा, आत्याचा. वरचा माळबी त्यात हाय. पाटीवालाबी गाठला. नाव बदलून दे म्हनलं."

"आत ये. बस."

तो आत आला. बैठकीत एकच खुर्ची होती. तिच्याजवळ गेला, आणि थांबला.

"बस की दादा."

त्यानं मान हलवली. त्याची नजर खुर्चीच्या पाठीवर, मग खुर्चीच्या हातावर गेली आणि तिथून हटली. "ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "म्या उभाच बरा. जागा न्हाय."

खुर्ची रिकामी होती. राजेश्वरीला तरी रिकामी दिसत होती. पंख्याच्या वाऱ्यात खुर्चीवरच्या गादीचं कापड मधोमध दबलेलं होतं आणि फक्त कडेनं फडफडत होतं.

 दार चार पावलांवर होतं. ती दाराकडं गेली नाही. स्वयंपाकघरातून तिनं दुसरी खुर्ची आणली, पदरानं पुसली आणि पहिलीच्या शेजारी मांडली.

"हे माझं घर आहे," ती म्हणाली, आणि हे ती दोघांनाही म्हणाली. "इथं कुणाला उभं राहायला लागणार नाही, आणि इथं कुणी कुणाला भिववायचंही नाही. बस दादा. कागद काढ. आणि आजी, तुम्ही ऐका. मी सगळा वाचून दाखवते, शब्द न् शब्द. नंतर कुणी ठाऊक नव्हतं म्हणायला नको."

दादा बसला. अंग चोरून, पण बसला. राजेश्वरीनं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, वाचायला सुरुवात केली.